तिथीची ओळ : चंद्राच्या कला, ग्रहणे आणि इतिहासाचा पुरावा

१/
अंबाजोगाईत यादवकाळाच्या खुणा शोधत येणारा तरुण अभ्यासक शिलालेखासमोर उभा राहिला की त्याची नजर प्रथम नावांवर जाते. राजा कोण, सेनापती कोण, देऊळ कोणी उभारले? शक, संवत्सर, मास, पक्ष आणि तिथी सांगणारी ओळ मात्र औपचारिक समजून ओलांडली जाते. वस्तुतः लेखाच्या बाहेर जाऊन, आकाशाच्या गणिताने तपासता येते ती हीच ओळ. हा धागा त्या ओळीविषयी आहे.

२/
ती ओळ वाचायची तर दोन गोष्टी मनात स्वच्छ वेगळ्या असाव्या लागतात : चंद्राची कला आणि चंद्राचे ग्रहण. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र लहानमोठा दिसतो’ हा समज शिकल्यासवरल्या माणसांतही आढळतो. तो चुकीचा आहे. विज्ञानाच्या तासाला या चुकीने एखादा गुण जातो. इतिहासात तिच्यामुळे खोटा पुरावा खरा ठरतो आणि खरा पुरावा हातातून निसटतो.

३/
आधी कला. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याकडे तोंड असलेला त्याचा अर्धा भाग उजळलेला असतो आणि उरलेला अर्धा अंधारात. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असताना त्या उजळ अर्ध्या भागातला कधी थोडा, कधी पुष्कळ, तर कधी सगळा भाग पृथ्वीवरून दिसतो. उजेडाचे प्रमाण बदलत नाही. पाहण्याचा कोन बदलतो. यालाच कला म्हणतात.

४/
सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त यासाठी उन्हात ठेवलेल्या घड्याचा दृष्टांत दिला. घड्याची सूर्याकडची बाजू उजळते आणि दुसरी बाजू घड्याच्या स्वतःच्याच छायेने काळी राहते, चंद्राचेही तसेच. या दृष्टांतात सगळा भेद सामावला आहे. कलेतला काळोख ही चंद्राची स्वतःची छाया असते. चंद्रग्रहणातला काळोख ही पृथ्वीची छाया असते.

५/
मराठी घराच्या भिंतीवरचे पंचांग हे कलांचेच कोष्टक आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. ३० तिथींत ३६० अंशांची फेरी पुरी होते आणि तिला सरासरी २९.५३ दिवस लागतात. अंतर शून्य होते तो अमावास्येचा अंत, १८० होते तो पौर्णिमेचा. म्हणजे ‘शुद्ध अष्टमी’ असे लिहिणाऱ्याने त्या दिवशी चंद्र अर्धा होता हेही लिहून ठेवलेले असते.

६/
अष्टमीचा हा चंद्रच सावलीचा गैरसमज मोडून काढतो. शुद्ध अष्टमीला चंद्र दुपारच्या सुमारास उगवतो आणि मावळतीकडचा सूर्य व तो एकाच वेळी आकाशात दिसतात. पृथ्वीची सावली तर नेहमी सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. चंद्र तेव्हा त्या सावलीपासून सुमारे ९० अंश दूर असतो. जी सावली तिथे पोहोचतच नाही, ती त्याला अर्धा कसा करील?

७/
आता ग्रहण. चंद्रग्रहणात पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये येते व तिची सावली चंद्रावर पडते. ही रचना फक्त पौर्णिमेला जुळू शकते. सूर्यग्रहणात चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये येतो व त्याची सावली पृथ्वीवर पडते. ही रचना फक्त अमावास्येला जुळू शकते. याला अपवाद नाही. अष्टमीचे चंद्रग्रहण किंवा दशमीचे सूर्यग्रहण आकाशात घडत नाही. ते फक्त दंतकथेत किंवा बनावट कागदात घडते.

८/
मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. आकाशात चंद्राचे बिंब अवघे अर्ध्या अंशाचे, तर तेथवर पोहोचलेली पृथ्वीची गडद सावली त्याच्या पावणेतीन पटींहून किंचित कमी रुंद. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षांची पातळी जिथे छेदते त्या बिंदूंना राहू आणि केतू ही नावे आहेत. पौर्णिमा किंवा अमावास्या त्यांच्या जवळ आली तरच ग्रहण होते. अशी संधी साधारण सहा महिन्यांनी येते.

९/
७ सप्टेंबर २०२५ ची भाद्रपद पौर्णिमा पुष्कळांना आठवत असेल. त्या रात्री महाराष्ट्रातून खग्रास चंद्रग्रहण आरंभापासून अखेरपर्यंत दिसण्याजोगे होते. रात्री अकरानंतर चंद्र तांबूस झाला. दोनच आठवड्यांनी, २१ सप्टेंबरच्या अमावास्येला सूर्यग्रहण झाले. भारतात तेव्हा रात्र होती, म्हणून ते इथे दिसले नाही. पौर्णिमा आणि तिच्या पुढची अमावास्या अशी जोडीने ग्रहणे येतात, ती याच संधीमुळे.

१०/
डोळ्यांनीही भेद ओळखता येतो. कलेचा बदल रात्रीमागून रात्री, पंधरा दिवस चालतो. ग्रहण काही तासांत आटोपते. चंद्रकोरीची दोन टोके बिंबाच्या अगदी समोरासमोरच्या बिंदूंवर असतात आणि अष्टमीला उजेड-अंधाराची सीमा सरळ रेषेसारखी दिसते. ग्रहणातली सीमा मात्र नेहमी एका मोठ्या वर्तुळाची कमान असते, कारण ती गोल पृथ्वीच्या सावलीची कड असते.

११/
भाषेने हा भेद कधीच पुसू दिलेला नाही. कला वाढते आणि क्षीण होते. ग्रहणाला स्पर्श, मध्य आणि मोक्ष असतो. कोर कलेची असते, ग्रास ग्रहणाचा. सिद्धांतग्रंथांचीही मांडणी तशीच आहे. चंद्रग्रहणाचा अधिकार वेगळा, सूर्यग्रहणाचा वेगळा आणि चंद्रकोरीची टोके कशी कलतात हे सांगणारा शृंगोन्नतीचा अधिकार आणखी वेगळा. तिन्हींचे गणित वेगळे, कारण तिन्ही घटना वेगळ्या.

१२/
भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायातील तर्क आजही वाचण्याजोगा आहे. चंद्राला झाकणारी वस्तू मोठी असली पाहिजे, कारण ग्रासलेल्या चंद्राची टोके बोथट दिसतात आणि ग्रहण दीर्घकाळ टिकते. सूर्याला झाकणारी वस्तू लहान असली पाहिजे, कारण त्याची टोके तीक्ष्ण दिसतात आणि ग्रहण लवकर सुटते. म्हणजे दोन्ही ग्रहणांत झाकणारा एकच नाही. त्याच ठिकाणी ते पुराणातल्या राहूशी मेळही घालतात : राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो, असे ते मानतात.

१३/
आता पुन्हा अंबाजोगाई. मुकुंदराजांची समाधी आणि योगेश्वरीचे ठाणे यांमुळे हे नगर महाराष्ट्राला परिचित आहे. यादव राजा सिंघण याचा पराक्रमी सेनापती खोलेश्वर याची कारकीर्द येथील शिलालेखांतून कळते. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत कामी आला आणि खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ येथे रामनारायणाचे देऊळ उभारले. तो लेख शके ११६२ चा, म्हणजे इ.स. १२४० च्या सुमाराचा आहे.

१४/
याच सिंघणाच्या दरबारात एक वेगळा माणूस होता : मुख्य ज्योतिषी चांगदेव. तो भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा पुत्र. सेनापतीने अंबाजोगाईत देवळे बांधली. ज्योतिषाने आजच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे मठ स्थापिला. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि त्यांच्या कुळातील इतर ग्रंथ तिथे शिकवले जावेत, हा मठाचा उद्देश. ही हकिकत पाटणच्या देवीमंदिरातील शिलालेखात नोंदलेली आहे आणि त्याच्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत आहेत.

१५/
त्या मठाला निकुंभ वंशातील सोइदेवाने दान दिले. लेखात त्याचा काळ असा : शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण मास, पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा समय. पौर्णिमा आणि चंद्रग्रहण एकत्र आहेत, म्हणजे पहिली कसोटी उतरली. पण खरी गंमत पुढे आहे.

१६/
शके ११२८ मध्ये ७८ मिळवले की १२०६ येते. लेखातला ‘प्रभव’ मात्र दुसरेच सांगतो. १९८७ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेले वर्ष प्रभव होते. साठ वर्षांच्या चक्राने तेरा फेऱ्या, म्हणजे ७८० वर्षे मागे गेले की १२०७ येते. शकाचा आकडा आणि संवत्सराचे नाव यांत एका वर्षाची तफावत आहे. यांतले खरे कोणते?

१७/
श्रावण पौर्णिमा दोन्ही वर्षी आली. ती दर वर्षीच येते. तिथी इथे निवाडा करू शकत नाही, ग्रहण करते. १२०६ च्या श्रावण पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरलाच नाही. १२०७ मध्ये, ९ ऑगस्ट रोजी, चंद्रग्रहण झाले. संवत्सराचे नाव आणि आकाश एका बाजूला उभे राहतात आणि शकाच्या आकड्यातला एका वर्षाचा फरक उघड होतो. कला आणि ग्रहण यांतला भेद ज्याला ठाऊक नाही, त्याला हा निवाडा करताच आला नसता.

१८/
पाटणचा लेख आणखी एका वादावर प्रकाश टाकतो. एक पक्ष म्हणतो, पूर्वजांना सारे विज्ञान ठाऊक होते. दुसरा म्हणतो, ग्रहणकाळी दान देणारे लोक अंधश्रद्ध होते. हा लेख दोघांच्याही हाती पुरता लागत नाही. ज्या मठात ग्रहणाचे गणित शिकवायचे, त्याच मठाला ग्रहणाच्या पुण्यकाळी दान मिळाले. गणित करणारा आणि पुण्य मानणारा समाज एकच होता. त्याला आजच्या सोयीनुसार चिरून दोन भाग करणे हा इतिहास नव्हे.

१९/
शिवकालातही हीच पद्धत उपयोगी पडते. पौष अमावास्या, शके १५८६ : सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी मातोश्री जिजाबाई आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. पुस्तकांत तारीख मिळते ६ जानेवारी १६६५. आधुनिक ग्रहणसारणीत त्या दिवशी ग्रहण सापडत नाही. घाईत असलेला वाचक इथे ‘नोंद खोटी’ असा निकाल देऊन मोकळा होतो.

२०/
नोंद खोटी नाही; दिनदर्शिका दोन आहेत. पुस्तकांतील ती तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. सतराव्या शतकात तिच्यात १० दिवस मिळवले की ग्रेगोरियन तारीख येते : १६ जानेवारी १६६५. सारणीत त्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहणाची नोंद आहे. तारखा माणसांनी बदलल्या. अमावास्या जिथल्या तिथे राहिली. म्हणून तारीख आणि तिथी यांत विसंगती दिसली तर आधी तारखेची गणना तपासावी, मग लेखकावर संशय घ्यावा.

२१/
अंबाजोगाईच्या अभ्यासकाला तिसरी गणनाही ओळखावी लागते. निजामी राजवटीत या नगराचे नाव मोमिनाबाद होते. त्या काळातील कागदांवर हिजरी तारखा आढळतात. हिजरी महिनाही चंद्रकोरीच्या दर्शनाने सुरू होतो; त्यात अधिक मास नसल्याने वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि ऋतूंतून सरकत जाते. पण आकाशाचा नियम तोच. चंद्रग्रहण हिजरी महिन्याच्या मध्याला, तेराव्या ते पंधराव्या तारखेच्या आसपास आणि सूर्यग्रहण महिन्याच्या अखेरीसच येणार. पंचांग कोणत्याही परंपरेचे असो, साक्षीदार एकच आहे.

२२/
या साधनाला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. ग्रहण जुळले एवढ्यावरून लेख अस्सल ठरत नाही. ग्रहणकाळचे दान श्रेष्ठ मानले जाई, म्हणून बनावट ताम्रपट करणाऱ्यालाही ग्रहणाचा मोह होई. शिवाय चंद्रग्रहणे विरळ नाहीत. नुसते ‘श्रावणातले चंद्रग्रहण’ म्हटले तर अनेक वर्षे पुढे येतील. शक, संवत्सर, वार, तिथी आणि ग्रहण या सगळ्यांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. अक्षरवळण आणि भाषा यांची तपासणी वेगळी.

२३/
हे काम केवळ परदेशी विद्वानांचे नव्हते. दापोली तालुक्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल यांच्यासह त्यांनी भारतीय दिनगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्याला रॉबर्ट श्राम यांनी भारतात दिसलेल्या ग्रहणांच्या सारण्या जोडल्या. पुढच्या पिढ्यांनी शिलालेखांच्या तारखा लावताना या कोष्टकांचा आधार घेतला. ज्या कामासाठी तेव्हा आकडेमोडीत दिवस जात, ते आज भ्रमणध्वनीवर काही मिनिटांत होते.

२४/
साधन हाती असताना तिथीची ओळ न वाचता पुढे जाणे ही आता अडचण राहिलेली नाही. ती आळसाची सवय झाली आहे. समाजमाध्यमांवर रोज एखादी ‘ऐतिहासिक तारीख’ फिरते, तिच्यावरून अभिमान उसळतो आणि भांडणेही पेटतात. त्या तारखेची तिथी कोणती, तिच्याशी सांगितलेले ग्रहण घडले होते का, गणना ज्युलियन की ग्रेगोरियन, एवढे तीन प्रश्न विचारले तरी निम्मा गोंगाट शांत होईल.

२५/
शाळांतील शिकवणुकीचाही यात दोष आहे. चंद्राच्या कला भूगोलात, शिलालेख इतिहासात आणि पंचांग घराच्या खुंटीवर, अशी वाटणी झाली. तिन्ही एकत्र आणणारा तास कुठेच नाही. मराठवाड्यातील एखाद्या शाळेने पाटणच्या लेखातील काळाची ओळ फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना तिचे वर्ष शोधायला लावले, तर खगोल आणि इतिहास हे दोन्ही विषय एका तासात जिवंत होतील. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. अष्टमीचा चंद्र दुपारी शाळेच्या अंगणातूनही दिसतो.

२६/
परंपरेनुसार अंबाजोगाईच्या दासोपंतांचा जन्म शके १४७३ च्या भाद्रपद वद्य अष्टमीचा. ही तिथी वाचताच ज्याच्या डोळ्यांसमोर मध्यरात्रीच्या सुमारास उगवणारा अर्धा चंद्र येतो, त्याला तिथीची ओळ वाचता आली. आणि त्या रात्री ग्रहण होते असे कुणी सांगू लागला, तर त्याच्याशी वाद घालण्याची गरज नाही. अष्टमीला ग्रहण होत नाही, एवढेच उत्तर पुरेसे आहे.